दगडातला तारपा

१० जानेवारी, शनिवार

मिळाली परवानगी! मुख्याध्यापक सरांनी सही केली, पण चेहरा असा की मी जणू त्यांची खुर्चीच मागितली. "दहावीचं वर्ष आहे बाई. काही झालं तर तुमच्यावर." जसं काही एरवी सरांवर असतं!

उद्या वसतिगृहातल्या दहावीच्या सगळ्या पोरी घेऊन हायवेवरच्या त्या नव्या पार्कात. तिथे म्हणे सगळे देश एका कंपाउंडात बांधलेत. आदिवासी मुलींना एक दिवस फुकट.

दरवर्षी होळीला पोरी घरी जातात आणि त्यातल्या निम्म्या परत येत नाहीत. कुणाचं लग्न, कुणी वीटभट्टीवर, कुणी नुसतीच घरी. त्यांच्या चादरी मी धुऊन घडी घालून ठेवते आणि जूनमध्ये नवीन पोरींना देते. या वर्षी तरी चंद्रिका राहावी. भूमितीत तिच्यासारखी पोर माझ्या इतक्या वर्षांत आली नाही. तिला नर्सिंगला जायचंय, तिनेच मला सांगितलं. जग किती मोठं आहे हे एकदा डोळ्यांनी दिसलं, तर धरून राहील. असं आपलं मला वाटतं.

१२ जानेवारी, सोमवार, सकाळ

काल अंगात त्राण नव्हतं, म्हणून आज लिहितेय.

काय मजा केली पोरींनी! आत शिरताना प्रत्येकीला एक खोटा पासपोर्ट दिला. देश बघून झाला की दारात शिक्का. चंद्रिका मला विचारते, "बाई, शिक्का मारला म्हंजे जाऊन आल्यासारखाच ना?" मी म्हटलं, हो, आत्ता तरी तसंच धर.

पॅरिसचा मनोरा आमच्या पाण्याच्या टाकीएवढा. इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या पोटातून गाडी जाते, त्यात सगळ्या इतक्या किंचाळल्या की माझा कान अजून बंद आहे. जपानमध्ये कागदाची गुलाबी झाडं आणि किमोनो घातलेली एक गोरी पोरगी. ती वाकून नमस्कार करायची. गंगी तिच्याभोवती फिरून फिरून शेवटी म्हणालीच, "तू खरी जपानची?" ती हळूच हिंदीत म्हणाली, "मिझोराम से हूँ, किसी को बोलना मत." गंगीने लगेच सगळ्यांना सांगितलं!

आफ्रिकेत एक उंच काळा तरुण ढोल वाजवत होता. काय वाजवत होता! गंगी पुढे जाऊन बघत राहिली, तर तो गुजरातीत विचारतो, "कया गामनी तू?" गंगीची मावशी उंबरगावला, तिला गुजराती फाडफाड येतं. तो निघाला सौराष्ट्रातला सिद्दी. दोघांनी मग जेवणाच्या गप्पा मारल्या. आफ्रिका आणि आमची तलासरी, विषय काय तर कढी! मी खूप दिवसांनी पोट धरून हसले.

शेवटी भारत. एक झोपडी, फायबरची. भिंतींवर आपली पांढरी चित्रं, पण स्टिकर. त्याच्या कडा सुटलेल्या. आणि आम्ही तिथे पोचतो तोच भोपळ्याचा तारपा वाजायला लागला.

पोरी जागच्या जागी थांबल्या. दिवाळीनंतर आमच्याकडे तारपा आढ्याला टांगून ठेवतात, जानेवारीत कोण वाजवणार? जानी इकडेतिकडे बघत म्हणाली, "कोण वाजवतंय गं?" कोणीच नव्हतं. अंगणाच्या मध्ये एक प्लॅस्टिकचा दगड होता, त्याच्या पोटात स्पीकर. आवाज त्यातून.

चंद्रिकाने ओढणी कमरेला खोचली. गंगीच्या कमरेत हात घातला, गंगीने जानीच्या. बघता बघता सगळ्या पोरींची साखळी झाली आणि दगडाभोवती फिरू लागली. तारप्याला पाठ दाखवायची नाही, म्हणून सगळ्यांची तोंडं दगडाकडे! लोक हसायला लागले. मोबाईल निघाले. मी पोरींच्या पिशव्या घेऊन कडेला उभी. माझे पाय साडीच्या आत आपोआप चालत होते.

गंमत पुढेच आहे. तारपा थांबल्याशिवाय नाच मोडत नाही. आणि हा तारपा थांबेचना! एकच धून, संपली की पुन्हा पहिल्यापासून. पोरी घामाने निथळल्या, तरी फिरताहेत. बसवाला हॉर्न मारून मारून थकला. मी ओरडले, "चला आता!" चंद्रिका फिरता फिरताच म्हणाली, "बाई, तो थांबल तवा ना!" आणि गंगी धापा टाकत, "हा तारपावाला दमतच नाय गं!" अखेर मी तिथल्या माणसाला शोधून बटण बंद करायला लावलं.

तेवढ्यात मॅनेजर आला. शर्टाच्या खिशाला तीन पेनं. "मॅडम, या मुली कुठल्या? हे आम्हाला सिखवून पण जमत नाही." मी ताठ मानेने शाळेचं नाव सांगितलं. गावांची नावंसुद्धा सांगितली. अभिमान वाटला ना! मूर्ख बाई.

१४ जानेवारी

संक्रांत. पोरींच्या नाचाचा व्हिडिओ सगळ्या तलासरीच्या फोनमध्ये फिरतोय. गॅसवाल्यानेसुद्धा दाखवला.

१८ जानेवारी, रविवार

मॅनेजर पाड्यांवर जाऊन आला. आधी घरी गेला, मग शाळेत. हुशार माणूस.

भारत विभागात रोज नाच हवाय. चंद्रिका, गंगी आणि जानी यांना विचारलंय. आधी म्हणे फक्त शनिवार-रविवार. मी सरांना म्हटलं, महिन्यावर परीक्षा आहे. सर म्हणाले, "पालकांनी पाठवलं तर आपण कोण? नाव पटावर ठेवू, परीक्षेला बोलावून घेऊ." बोलावून घेऊ! सोळा वर्षांच्या पोरी, गाय आहेत का हाक मारली की यायला?

२० जानेवारी, मंगळवार

चंद्रिकाच्या घरी गेले. तिचा बाप लडक्या अंगणात जाळं विणत बसला होता. झाई बंदरातल्या बोटीवर खलाशी आहे, चार दिवसांसाठी घरी आलेला. मी जितकं बोलायचं ठरवलं होतं तितकं बोलले. नर्सिंग, सरकारी नोकरी, सगळं. तो सुई न थांबवता ऐकत राहिला.

मग म्हणाला, "बाय, मी आठ म्हयने दर्यात. हिची आय भट्टीवर भाजते. पोर सावलीत नाचल, गाडीत बसून घरा येल. तुमाना काय दुखते?"

खरंच, काय सांगणार? तो चुकीचं काय बोलला? मला चंद्रिकाच्या आईचे हात माहीत आहेत.

बापाने घरी बोलावून घेतलेली चंद्रिका दारात उभी होती. नजर देईना. निघताना रस्त्यापर्यंत आली. "बाई, मी पुस्तकं नेतेय ना. वाचीन." मला रडू येत होतं आणि राग पण.

२४ जानेवारी, शनिवार

तीन खाटा रिकाम्या. शनिवार-रविवार कसला, गाडी रोज सकाळी नेते.

चादरी मी अजून धुतल्या नाहीत. धुणारही नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. सरांनी भाषणात सांगितलं, आपल्या शाळेच्या मुली आज देशाची संस्कृती जगाला दाखवताहेत. टाळ्या! मी वाजवल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन डाळीला फोडणी दिली, फोडणी करपली.

हे सगळं मीच केलं. जग दाखवायला नेलं आणि जगाच्याच हाती देऊन आले. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

१ फेब्रुवारी, रविवार

तिकीट काढून गेले. या वेळी फुकट नव्हतं.

डोक्याला पिसं लावली आहेत पोरींच्या! पिसं! आमच्यात कुणी कधी पिसं लावली? चंद्रिका मला बघून हसली, पण ते हसू मला ओळखू आलं नाही. शिकवलेलं हसू. दगडातला तारपा सुरू झाला, पोरी फिरल्या, मॅनेजरने शिट्टी मारली, पोरी थांबल्या. तारपा वाजतच होता. त्याला पाठ करून तिघी लोकांकडे वळल्या आणि हात जोडले.



शो संपला की दोन-दोन तास काही नाही. झोपडीच्या मागे प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसून राहतात. एकीच्या हातात फोन, दोघी बघतात. पुस्तकं? चंद्रिकाने पिशवी उघडून दाखवली. भूमितीचं पुस्तक होतं, त्यावर पावडरीचा डबा सांडलेला. "इथे कोण सांगणार बाई, अडलं तर?" जानी तर झोपलीच होती. गंगी म्हणाली, "परवा जपानवाली सुट्टीवर होती, मग मलाच किमोनो घातला. मी जपानमध्ये उभी होते!" आणि हसली. मीही हसले.

निघताना मॅनेजर आडवा आला. झोपडीत बसायला त्याला म्हातारी हवी आहे, भाकरी थापणारी. आधीची पळाली, दिवसभर बसून कंबर धरली तिची. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणतो, "तुमच्यासारखी कुणी असेल तर सांगा ना मॅडम. असे पांढरे केस, अशा सुरकुत्या. एकदम ओरिजिनल पायजे."

मी काय मांडून ठेवायची सुपली-टोपली आहे? आईने मला कोसबाडच्या शाळेत घातलं ते यासाठी? तिने गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून जन्मभर चिखल तुडवला आणि मला म्हणाली, तू पायघोळ साडी नेस, खुर्चीवर बस. मी बसले. त्या माणसाला मी असं काही सुनावलं की आफ्रिकेतला ढोल थांबला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हॉल तिकिटं आली. तिघींची माझ्या कपाटात. फोटोत चंद्रिकाची वेणी मीच घातलेली आहे.

सरांना विचारलं, मी दुपारी पार्कात जाऊन शिकवू का? "ड्युटी सोडून?" मॅनेजरला फोन केला. "मॅडम, बाहेरच्या माणसाला स्टाफ एरियात परमिशन नाही." लडक्या परत दर्यात गेला. आईला भट्टीवरून यायला होळी उजाडणार. सगळी दारं वाजवून झाली.

काही उपयोग नाही माझा. हेच खरं. इतकी वर्षं हजेरी घेतली, डोक्यातल्या उवा काढल्या, तापात उशाशी बसले आणि शेवटी एक पोर हाताला लागत नाही. नवीन कुणी बाई आली असती तरी एवढंच झालं असतं, कदाचित बरं झालं असतं.

जेवले नाही. मन नाही.

७ फेब्रुवारी

चंद्रिकाने कुणाच्या तरी फोनवरून मेसेज केला. "बाई, मी जीवेचे प्रमेय विसरली. वर्तुळाचा पूर्ण धडा विसरली. मी परीक्षेला नाय येत."

रोज वर्तुळात फिरते पोर. आणि वर्तुळच विसरली.

८ फेब्रुवारी, रविवार

आईची पेटी उघडली. लुगडं अजून आहे. लाल, काठ विरलेला. डांबरगोळ्यांचा वास. आरशासमोर उभी राहिले, मग लाज वाटली आणि घडी घालून ठेवलं. मग परत काढलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सरांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. मॅनेजरला त्याची भाकरी थापणारी म्हातारी मिळाली; दुपारी आईसारखं गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून फायबरच्या झोपडीत बसले. आता मी बाहेरची माणूस नाही! चुलीत लाल दिवा आहे, धुराला परवानगी नाही. चुलीमागे तिघींची पुस्तकं. दोन शोंच्या मध्ये चंद्रिकाने पिसं काढून ठेवली आणि जीवेचं प्रमेय दोनदा अडखळून तिसऱ्यांदा पूर्ण म्हटलं. मी पीठ परातीत पसरलं, तिने त्यात बोटाने वर्तुळ काढलं. बाहेर लोक फोटो काढत होते. एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "बघ, आजी नातींना गोष्ट सांगतेय."