तीस की पन्नास

३ तारीख, सोमवार
कॉम्प्युटरवरचं मॉडेल एकदाचं चालून झालं. बसची बॅटरी थंड ठेवायला पाण्यात तीस टक्के ग्लायकॉल बास. बॅटरी एक्केचाळीस अंशांवर थांबते. पन्नास टक्के घातलं की मिश्रण दाटतं, त्याच पंपाने हळू वाहतं – थेट सेहेचाळीस! जेवताना नवऱ्याला सांगितलं. कंपनी एकच, माझा कॉम्प्युटर, त्याची टेस्टरूम. म्हणाला, तुझं बरं आहे, तुझ्या पाइपांतून थेंबही गळत नाही. हसलो दोघं.

५, बुधवार
मीटिंग. माझे आकडे मांडून बसले. मग हा उठला. प्रत्यक्ष चाचणी, मिश्रण पन्नास टक्के, बॅटरी एक्केचाळीस अंशांवर. त्याच मिश्रणाला मी सेहेचाळीस म्हटलं होतं. साहेब म्हणाले, "काय हो, घरातच एकमत नाही?" सगळे हसले. हाही हसला.
सकाळी एकाच आरशासमोर दात घासले आम्ही. तेव्हा तोंड तर उघडंच होतं याचं!

६, गुरुवार
सगळं पुन्हा तपासलं. चूक सापडत नाही.

७, शुक्रवार
सहज म्हणून त्याचा आलेख माझ्या तीस टक्क्यांच्या आलेखावर ठेवला. तंतोतंत. नुसता शेवटचा आकडा नाही, सगळ्या चढ-उतारांसकट.

८, शनिवार
त्याची सुट्टी. मी टेस्टरूममध्ये गेले. टाकीतला थेंब मिश्रण मोजायच्या काचेवर ठेवला – एकतीस टक्के. टाकीखाली ओल, शेजारी पाण्याचा कॅन. जॉइंट गळतोय, तूट साध्या पाण्याने भरत गेले आणि मिश्रण पातळ झालं. जीव भांड्यात पडला. चूक आहे, दगा नाही.
घरी आल्या आल्या सांगितलं. हा कांदा चिरत होता. हात थांबला नाही.
"माहीत आहे."
कधीपासून? तर मीटिंगच्या आधीपासून. पुन्हा चाचणी म्हणजे महिना गेला असता म्हणे, वर साहेबांची घाई. "तुझा एक आकडा चुकला, तर काय आभाळ कोसळणार आहे?"
केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

९, रविवार
मीठ हवं होतं त्याला. माझ्याकडे न मागता स्वतःच उठून घेतलं.

१०, सोमवार
टाकीतल्या नमुन्याची बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली, सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. म्हणाले, "विभागप्रमुखाच्या जागेसाठी दोनच नावं होती, तुम्हा दोघांची. बुधवारच्या मीटिंगवरच ठरणार होतं. तुमच्या नवऱ्याला मी आधीच सांगितलं होतं, तुमच्याही कानावर घाल म्हणून. घातलं ना त्याने?"