खिळ्यावरची चेन आणि भंगारातलं स्प्रॉकेट

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, जळाऊ लाकडाच्या वखारीची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. एकाहत्तर वर्षांत तो कोणाला जमलेला नाही. याआधीची दोन मृत्युपत्रं मी रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या लेकीला. ती दातांची डॉक्टर आहे आणि कवळी घाल म्हणून कित्येक वर्षं माझ्या मागे लागली आहे. घर घे, पण मी गेल्यावर तरी कवळी बसवू नकोस.

कलम २. जावयांना ऑफिसातली फिरती खुर्ची. तिच्यातच बसून ते वखारीच्या जागेवर फर्निचरचं शोरूम कसं झकास चालेल ते मला समजावतात. वखारीची जागा भाड्याची आहे. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, आता वाचून कळेल.

कलम ३. शेजारच्या बेकरीवाल्याने 'पाच मिनिटांसाठी' नेलेली शिडी त्याचीच समजावी. सहा वर्षं तो तिच्यावर चढून मला हात करतो आहे. इतक्या निर्लज्जपणाचं काहीतरी कौतुक व्हायला हवं.

कलम ४. ओंडका ओढून घेणारं, कापणारं आणि फोडणारं यंत्र. याला मी 'सवत' म्हणते, कारण आमचे हे माझ्यापेक्षा त्याच्याजवळ जास्त रमायचे. आधीच्या दोन्ही मृत्युपत्रांत मी ते भंगारवाल्याला दिलं होतं आणि माझ्या धाकट्या भावाला त्यातला एक नटसुद्धा मिळू नये, असं खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं.

त्याचं कारण असं. नऊ वर्षांपूर्वी धाकटा माझ्याबरोबर वखारीत काम करायचा. ओंडके करवतीकडे ओढणारी चेन आम्ही नवी टाकली होती. तीन आठवड्यांत, भर सकाळी, गिऱ्हाईकं उभी असताना ती तुटली. तेल घालायचं काम धाकट्याचं. मी चारचौघांत त्याला म्हणाले की तुला तेलाची बाटलीसुद्धा नीट धरता येत नाही. तो आवाज न चढवता म्हणाला, "ताई, तेल रोज घातलंय. स्प्रॉकेटचे दात बघ, गेलेत ते." स्प्रॉकेट म्हणजे ती चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक. ते अजून ठणठणीत आहे, नुसती चेन बदल, असं मीच त्याला बजावलं होतं. त्यामुळे दात बघायला मी वाकले नाही.

त्याने हातमोजे काढून ठेवले, गेला, आणि रस्त्यापलीकडे करवतींना धार लावायचं दुकान टाकलं. तेव्हापासून आम्ही दोघं समोरासमोरच्या दारांत बसून चहा पितो आणि एकमेकांच्या डोक्यावरून बघतो. तुटलेली चेन मी ऑफिसात खिळ्याला टांगली. खाली चिठ्ठी लावली: 'धाकट्याची करामत'. पुढे आलेल्या मेकॅनिकने मला न विचारता चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही बदलली. ती चेन चार वर्षं टिकली. मी गावभर सांगत सुटले की बघा, तो गेल्यावर कशी टिकते.

कलम ५. परवा वकीलबाई म्हणाल्या, यंत्र कोणत्या स्थितीत आहे तेही लिहा. म्हणून मी झीज तपासायला बसले. ज्याच्या हाती यंत्र जाईल त्याने हे असं तपासावं: चेन स्प्रॉकेटवर वळते तिथे ती बोटांनी बाहेर ओढावी. अर्धा दात उघडा पडला, तर चेन ताणली गेली आहे. मग जुन्या आणि नव्या चेनच्या तेवढ्याच कड्या शेजारी ठेवाव्यात. जुनी लांब भरली तर खेळ संपला. शेवटी दात. दोन्ही बाजूंनी सारखे असतील तर ठीक, एका अंगाला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर चाक भंगारात. अशा चाकावर नवी चेन टाकू नये. ते तिला खातं. सध्याची चेन आणि चाक, दोन्ही बदलायला आली आहेत.

हे लिहून झालं आणि माझी नजर खिळ्यावर गेली. चेन खाली काढली. तीन आठवड्यांची पोर, पण नव्या चेनपेक्षा बोटभर लांब. भंगाराच्या पेटीतून ते जुनं स्प्रॉकेट शोधलं. सगळे दात आकडे. मग एक कडी आतून पुसून बघितली, तर माझं बोट काळं झालं. नऊ वर्षांनंतरही तिच्यात तेल होतं.

मी तिथेच बसून रडले. चूक माझी होती. त्याची नव्हती. मी त्याला नऊ वर्षं भिंतीला टांगून ठेवलं.

कलम ६. यंत्र धाकट्याला द्यायचं ठरवलं. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. त्याच कारणाने बेकरीवाला बाद झाला. पण धाकट्याने हा कागद मी जिवंत असताना वाचायलाच हवा. म्हणून यंत्र मी या मृत्युपत्रातून वगळते आणि आजच त्याच्या हवाली करते, म्हणजे तो सही करायला मोकळा. खिळ्याला आता स्प्रॉकेट टांगलं आहे. चिठ्ठी: 'ताईची करामत'.

ठिकाण: धार लावायचं दुकान, रस्त्याची पलीकडची बाजू.
दिनांक: १४ नोव्हेंबर, शनिवार.

लिहून देणार: ताई, वखारवाली (सही)

साक्षीदार पहिला: आमचे डॉक्टर. बाई शुद्धीत आहेत. रक्तदाबाचं वेगळं बोलू. (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सगळं वाचलं. कलम ५ मधल्या 'चूक माझी होती' या शब्दांखाली ताईची वेगळी सही हवी, त्याशिवाय मी करणार नाही.

केली. - ताई

पाहिली. (सही) सोमवारी सकाळी दोन्ही घेऊन येतो, नवी चेन आणि नवं स्प्रॉकेट. चहा तुझ्या दारात.