ओव्हरऑलवरची रेघ

सोम., १७ नोव्हें.
थंडी पडली की खाणीतले लोक एकदम जागे होतात. दुकानात गर्दी. खाणीतल्या डेक्लनने फाटलेले दोन ओव्हरऑल शिवायला टाकले. घोट्यापर्यंत करडा गाळ. म्हटलं, गमबूट नको, पोहायचे कपडे घे. हसला. "शुअर, इट्स ग्रँड." म्हणजे सगळं झकास.

मंगळ., १८
आणखी पाच जणांचे ओव्हरऑल. गाळाची रेघ गुडघ्याला. आठ वर्षं हे कपडे शिवतेय, एवढ्या उंचीवर कधी नव्हती. सॅम्युएलला दाखवली. "धुऊन टाक." नवऱ्यांचं बरं असतं.

गुरु., २०
आज आलेल्या ओव्हरऑलवर रेघ मांडीपर्यंत! डेक्लनला सरळ विचारलं. आधी उडवाउडवी, मग हळूच: खालच्या बोगद्यात पाणी येतंय, पंप पुरत नाहीत, मुकादम म्हणतो तोंड बंद ठेवा. "खाण बंद झाली तर माझं काम गेलं, मिसेस. आणि तुझं दुकानही."
खोटं नाही. अलिबागहून येऊन इथे परदेशात गमबूट विकणारं यहुदी घर आमचं एकच, आणि गिऱ्हाईक म्हणजे ही खाण. खाणींच्या तपासणीच्या सरकारी ऑफिसचा नंबर काढून ठेवला. लावला नाही.

शुक्र., २१
दिवसभर नंबर समोर. चारला अंधारतं, त्याआधी शब्बाथची बत्ती. पावणेचारला फोन बंद करून कपाटात टाकला. शुक्रवारी अंधारल्यापासून शनवार पाळणारी, फोनला हात न लावणारी माणसं आम्ही, आता काय करणार, असं स्वतःलाच सांगत होते.
सॅम्युएल म्हणाला, "जीव वाचवायला शनवार मोडायचा असतो. तुझ्याच बाबांनी शिकवलं मला."
ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लाज वाटली. तरी उठले नाही.

रवि., २३
फोन लावला. ऑफिस बंद, रेकॉर्ड केलेला आवाज. तातडीसाठी दुसरा नंबर सांगत होता. लिहून घेतला. नुसता लिहून.

सोम., २४
सकाळी पाळीवर जाताना डेक्लन ओव्हरऑल घ्यायला आला. शिवून तयार होते. घडी करून दिले, आणि 'जाऊ नकोस' एवढंही तोंडातून निघेना.
नऊला ऑफिस उघडल्यावर फोन करून सगळं सांगितलं. तिथली बाई नीट ऐकत होती. लगेच माणसं पाठवते म्हणाली. मग तिने विचारलं, हे तुमच्या कधी लक्षात आलं?
मी म्हणाले, आज सकाळी.
सॅम्युएल शेजारीच उभा होता. मागे जाऊन खोकी लावत बसला.
पाळी दोनला सुटते. तीन वाजून गेले. खाणीच्या रस्त्यावर अजून कुणी नाही.