पियानोचं स्टूल, राहिलेला सोनाटा आणि माझ्या पश्चातची व्यवस्था

प्रथम एक तक्रार नोंदवतो. मेल्यावर माणसाची तक्रार कोणी ऐकत नाही, आणि जिवंतपणी ऐकण्याची आमच्या घरात पद्धत नाही. स्टुडिओतल्या पियानोपुढे मी माझं स्वतःचं स्टूल घरून नेऊन ठेवतो. त्याची उंची कोणीतरी बदलतं. मी माझ्या बेताने लावून चहाला उठतो आणि परत येतो, तर ते दोन बोटं वर गेलेलं. याहून क्षुल्लक कारणांवरून राज्यं बुडालेली आहेत.

आता रीतसर. मी, या कागदाखाली सही करणारा, वय सत्तावन्न, व्यवसाय पियानोवादन, पूर्ण शुद्धीत, स्थिर बुद्धीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवतो. ‘दडपणाशिवाय’ हा शब्द वकिलांच्या आग्रहाचा. दडपण शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेलं आहे आणि ‘अहो, झालं का लिहून?’ असं विचारतं आहे. बुद्धी स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शंभरातून सात-सात वजा करत जा, असं ते मला म्हणाले. मी विचारलं, “संथ लयीत की द्रुत?” ते हसले आणि त्यांनी सही केली.

१. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि माझ्या नावावर जे काही निघेल ते बायकोला. लग्न झाल्यापासून ती एकेका सोनाट्यातल्या अवघड ओळी भिंतीपलीकडून ऐकत आली आहे. तेही फक्त चुकणाऱ्या ओळी, कारण बरोबर येणाऱ्या ओळींचा सराव कोणी करत नाही. एका घराने याची भरपाई होत नाही, पण माझ्याकडे घर एकच आहे.

२. वडिलांचे संस्कृत ग्रंथ ताईला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती व्हायोलिन वाजवते, मी पियानो, आणि वडील सकाळी आम्हा दोघांकडून शब्दरूपं म्हणवून घ्यायचे. त्या सगळ्यातलं तिला द्विवचन तेवढं आवडलं. “फक्त दोघांसाठी वेगळं वचन? बघ, हे आपल्यासाठीच काढलंय,” असं ती तेव्हा म्हणाली होती. बाकीचे ग्रंथ तिने कधी उघडले नाहीत. आता निदान धूळ तरी झटकावी.

३. हे कलम महत्त्वाचं आहे, वकिलांनी चष्मा पुसून वाचावं. ताई आणि मी एका संचातले सगळे सोनाटे, म्हणजे व्हायोलिन आणि पियानोने मिळून वाजवायच्या रचना, रेकॉर्ड करत आहोत. फक्त शेवटचा राहिला आहे. तो पुरा होण्याआधी माझं काही बरंवाईट झालं, तर संच अपुराच ठेवावा. माझ्या जागी कोणालाही बसवू नये. ‘कोणालाही’ या शब्दात चिमणीचा समावेश आहे असं खास समजावं. चिमणी ही माझी जुनी विद्यार्थिनी, चणीने लहान, हाताने मोठी. तिला माझ्या मालमत्तेतली पेन्सिलसुद्धा मिळू नये.

माझ्या संशयाला आधार आहे. वडिलांकडे मी न्यायशास्त्र शिकलो आहे. हेतूवाचून अनुमान काढत नाही.

परवाच्या आठवड्यात आम्ही शेवटून दुसऱ्या सोनाट्याचा पहिला भाग वाजवला. संपल्यावर ताईने काचेपलीकडे बघितलं. तिथे ध्वनिमुद्रक बसतो, त्याला आम्ही कानसेन म्हणतो. कानसेनने ताईकडे बघितलं. माझ्याकडे कोणीच बघितलं नाही.

“केबल खरखरली,” कानसेन म्हणाला. “परत घेऊ या.”

“कुठे खरखरली? मला नाही ऐकू आली.”

“तुझे कान म्हणजे काय माइक लागून गेलेत?” ताई म्हणाली. “चल, सुरू कर मुकाट्याने.”

ही ताई, जी एकेका स्वरासाठी कानसेनशी तासभर हुज्जत घालते, ती केबलची सबब पहिल्या फटक्यात मान्य करते! ताई भांडत नाही तेव्हा काहीतरी शिजत असतं.

पुढच्या खेपेला माझ्या डाव्या हाताला खुर्ची टाकून चिमणी बसलेली.

“सर, पानं उलटायला आलेय.”

“माझी पानं मी उलटतो. गेली कित्येक वर्षं उलटतो आहे.”

“हो सर. पण ताईंनी बोलावलं.”

शिवाय माझ्या प्रतीच्या वाजवून झालेल्या पानांना कोणीतरी क्लिप लावून ठेवली होती. मी काढली. चहाहून परत आलो तर पुन्हा लावलेली. बाहेर तिघं कुजबुजत होते, ते मला बघून गप्प झाले. “काही नाही, हवेबद्दल बोलत होतो,” कानसेन म्हणाला. हा माणूस दिवसभर बिनखिडकीच्या खोलीत बसतो. हवेशी त्याचा संबंध काय?

आणि स्टूल वर. बुटकं माणूस स्टूल वरच घेणार. तेव्हा निष्कर्ष असा की मी घरी गेल्यावर माझा भाग चिमणीकडून पुन्हा वाजवून घेतला जातो, आणि संचाच्या वेष्टनावर माझं नाव राहील पण आत हात दुसऱ्याचे असतील.

४. कानसेनला माझा चांगला हेडफोन द्यावा, पण त्याच्या वागणुकीवर अवलंबून. सगळ्या दिवसांचं न कापलेलं रेकॉर्डिंग मी त्याच्याकडे मागितलं आहे. अनुमान झालं, आता प्रत्यक्ष प्रमाण हवं. तो म्हणाला, “दादा, कशाला? कापून नीट केलेलंच ऐका की, छान झालंय.”

“न कापलेलंच दे.”

त्याने दिलं, देताना जमिनीकडे बघत होता. चोराची नजर आणखी कशी असते?

येथवरचा मजकूर मंगळवारचा. पुढचा ते रेकॉर्डिंग ऐकल्यानंतरचा. तिसरं कलम खोडत नाही, कारण रागात माझं अक्षर चांगलं येतं. पण ते रद्द समजावं.

५. काय ऐकलं ते लिहितो. अशा सोनाट्याच्या पहिल्या भागाचा पूर्वार्ध एकदा वाजवून मागे फिरायचं असतं, तोच पुन्हा वाजवायचा आणि मग पुढे निघायचं. तिथे दोन ठिपक्यांची खूण छापलेली असते. दोनदा वाजवायचं, तिसऱ्यांदा नाही. शिकाऊ पोरांनाही हे सांगावं लागत नाही.

मी एकदा वाजवलं आणि मागे फिरलो. दुसऱ्यांदा वाजवलं. मग पानं मागे उलटल्याचा आवाज येतो, आणि मी पुन्हा पहिल्या स्वरावर. व्हायोलिन एक स्वर एकटंच पुढे गेलेलं ऐकू येतं. तिथेच थांबतं. आणि मग ते मागे येतं, माझ्याजवळ, आणि अख्खा पूर्वार्ध तिसऱ्यांदा माझ्याबरोबर वाजवतं. ताईने मला थांबवलं नाही. ठिपके पुन्हा आले तेव्हा मात्र तिने माझ्याआधी पुढचा स्वर इतका जोरात घेतला की मी तिच्यामागून पुढे गेलो. केबल कुठेही खरखरत नाही.

चिमणी एकही स्वर वाजवत नाही. पानं उलटते, आणि मागची पानं हाताखाली धरून ठेवत असावी. क्लिप कशासाठी होती तेही समजलं.

स्टूलही ऐकलं. त्याची मूठ फिरवताना कुरकुरते.

“कोणी वर केलं हे?” हा माझा आवाज.

“कोणी नाही रे. आत्ताच तर तू वर घेतलंस.”

“मी? कधी?”

“बरं, असू दे. मी सांगते त्यांना हात लावू नका म्हणून.”

थोड्या वेळाने पुन्हा तीच कुरकुर, पुन्हा माझा तोच प्रश्न. ताईचं उत्तरही तेच, आणि पहिल्यांदाच विचारल्यासारखं दिलेलं. आयुष्यभर माझ्यावर खेकसत आलेली बाई इतकी सबुरी कुठून आणते?

यातलं मला काहीही आठवत नाही. डॉक्टरांपुढे मी विनोद केला. वजाबाकी केलीच नाही. म्हणून आज त्यांना पुन्हा बोलावलं आहे.

६. पियानो चिमणीला. पेन्सिलीही. स्टूलही, उंची तिने हवी तशी लावावी. राहिलेला सोनाटा माझ्याच्याने झाला नाही, तर तिने ताईबरोबर वाजवावा आणि वेष्टनावर तिचं नाव घालावं. कानसेनला हेडफोन विनाअट.

७. हे कलम माझ्या मरणानंतर वाचून उपयोग नाही, म्हणून याची नक्कल आजच ताईला देतो आहे. मृत्युपत्रात असं चालत नाही, असं वकील म्हणतील. त्यांनी म्हणावं.

ताई, तुम्हा तिघांवर मी संशय घेतला, आणि अजून घेईन. उद्या हे सगळं विसरून पुन्हा स्टुलाची चौकशी करीन, तेव्हा हा कागद पुढे धर. पण मला काळजी वाटते ती निराळीच. एक दिवस मी मागे फिरेन आणि पुढे जायचं असतं हेच मला सुचणार नाही. तू थोरली आहेस, तू येत राहशील माझ्यामागे, दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखी. तुझ्या बोटांत अजून पुष्कळ वर्षं आहेत. ती माझ्याबरोबर पहिल्या पानावर जातील याची मला भीती वाटते. तू नको येऊस. पुढचा स्वर घे. मला ऐकू आला तर येईन मी.

हे सगळं मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं आणि दोघांच्या देखत खाली सही केली.

ठिकाण: राहतं घर, पियानोची खोली.
वार शुक्रवार. हा बायकोला विचारून घातला. एरवी ती हसली असती. आज तिने नुसता वार सांगितला.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिला: पियानो सुरात लावणारा. वाचून दाखवलं, माझ्यासमोर सही झाली. स्टुलाच्या मुठीला तेल घालून दिलं आहे.

साक्षीदार दुसरा: डॉक्टर. कशावर सही करत आहेत हे त्यांना पूर्ण समजतं, याची खात्री करून घेतली. वजाबाकी या वेळी करवून घेतली. दोन ठिकाणी अडले, मागे जाऊन पुन्हा केली. संथ लयीत.