काळूचं मुसकं

चि. सौ. सरोजिनीस,

काळूला मुसकं घालून परसात बांधलंय. त्याला जिथून आणलं त्या मंगळवेढ्याला परत धाडू नकोस. चूक कुत्र्याची नाही, माझी आहे.

"वाकलेला माणूस दगड उचलतोय असं त्याला वाटतं, मामंजी," असं तू बजावलं होतंस. तरी "आमचा वाघ आता संत झालाय की!" म्हणत मी तुझ्या वडिलांसमोर त्याचं मुसकं काढलं, आणि पाय धुवायला पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. ते वाकले.

धोतर फाटलं, दात लागला नाही. पण ते चहा न घेताच गेले.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून ही चिठ्ठी. नवं धोतर घेऊन शुक्रवार पेठेत त्यांच्याकडे जातोय. आज तिथं वाकतो. काळूपुढे उद्यापासून वाकेन. लांबून, भाकरी टाकत, तू शिकवशील तसं.

तुझे मामंजी