टेबल दारातून निघत नाही

चंद्रा,

जय ख्रिस्त.

घराची दारं, दोन खिडक्या, तुझी भांड्यांची मांडणी आणि बारा माणसांचं जेवणाचं टेबल, सगळं मी या हातांनी केलं, गोदामांनी टाकून दिलेल्या फळ्यांचं. कुणी शिकवलं नाही. आजही एक सांधा हलत नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर नेहमीसारखे गोदामातले हमाल जेवायला आले. तू वळ गावी भावाकडे, म्हणून भात मीच केला. खाली लागला. नवशा म्हणाला, "काका, काकीला आना, न्हायतर आमी उपाशी मरू." सगळे हसले, मीही हसलो.

जाताना तू म्हणालीस, "खिडकी उघडली की गोदामाची भिंत. तुमच्या टेबलाला जागा हाय, मला श्वास घ्यायला न्हाय." मी म्हणालो, थोडक्यात भागवावं, आहे ते वाटून खावं, प्रभूने हेच शिकवलं. आता तिन्ही बाजूंनी भिंत आहे आणि भरदुपारी दिवा लावावा लागतो. टेबल घरातच जोडलेलं, ते दारातून निघत नाही. ते सोडून माझाही पाय निघत नाही.

हे पत्र पाठवायची हिंमत नाही, म्हणूनच खरं लिहितो. तू जायच्या आदल्या दिवशी शेजारच्या गोदामाचे सुभाषशेठ आले होते. त्यांना आपली जागा हवी होती. तुला न विचारताच मी नाही म्हणालो. मानकोलीत दोन खोल्यांचा फ्लॅट देत होते, तुला हवी तशी पूर्वेला बाल्कनी, आणि वर रोख अठरा लाख.

तुझाच,
हिरामण