अडुसष्ट किलो

रविवार, ४ मे

दादा,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. वहिनीला आठवण काढली म्हणून सांग. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर बोललेलं शेजारच्या खोलीत बाबांना ऐकू जातं, आणि तू 'बरं, काळजी घे' म्हणून दोन मिनिटांत ठेवतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

वाचनालयात नवी कपाटं आलीत. घरातला पंखा एकदाचा दुरुस्त झाला.

मागे तू विचारलं होतंस, "काय पहिलवान, हल्ली किती उचलतेस?" तर ऐक. शून्य. जिम सोडून पाच महिने झाले. संध्याकाळी बाबांजवळ बसणाऱ्या मावशी काम सोडून गेल्या, तेव्हापासून. तुला बोलले नाही, कारण तू 'बरं झालं, आराम कर' म्हणाला असतास.

आराम झालाही! पहिले पंधरा दिवस अंग इतकं हलकं वाटलं, की म्हटलं, उगाच घाम गाळत होतो आपण. ताकद कुठे पळून जातेय? जाते रे. आणि जाताना सांगतही नाही. काटा वजन तेवढंच दाखवतो, पण कुडता खांद्यावर लोंबतो आणि कमरेला दाटतो. जिना चढताना धाप लागते. भूक मात्र अजून जिमला जातेय! संध्याकाळचे सहा वाजले की पाय स्वस्थ बसू देत नाहीत. स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर. बाबा म्हणायचे, "अगं, बस की जरा, फरशी झिजेल." झोप धड नाही. उगीच खेकसते, त्यांच्यावरही.

वाचनालयात जुन्या अंकांचे गठ्ठे मी एका हाताने फळीवर टाकायची. मार्चमध्ये दोन्ही हातांनी धरूनही एक निसटला. तेव्हाच कळायला हवं होतं.

तुझं ठरलेलं वाक्य आज सकाळीही झालं, 'काही लागलं तर सांग.' सांगते. लागलं. बाबांना.

दहा दिवसांपूर्वी. पलंगावरून खुर्चीत घेताना. अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन वर्षं मी त्यांना रोज उचलत होते. गुडघे वाकवायचे, त्यांना छातीशी धरायचं, तीन म्हटलं की वर. अडुसष्ट किलो. जिममध्ये ऐंशी उचलणारीला त्याचं काय! त्या दिवशी तीन म्हटलं आणि अर्ध्यावरच माझी कंबर नाही म्हणाली. त्यांचा खांदा खुर्चीच्या हातावर आपटला. 'झोपेत पलंगावरून पडलो' असं त्यांनी तुला सांगितलं, ते माझ्यासाठी. मी शेजारी उभी राहून ऐकलं आणि गप्प बसले. लाज वाटते, दादा.

हाड मोडलेलं नाही, डॉक्टर बघून गेले. काळंनिळं झालं होतं, ते उतरतंय.

पण आता ते मला उचलूच देत नाहीत. "पडूनच बरं वाटतं गं." बाथरूमला न्यायचं तर खालच्या मजल्यावरच्या काकांना हाक मारावी लागते. ते आले की बाबा भिंतीकडे तोंड करतात. परवा त्यांच्या उशाशी तांब्या भरलेला तसाच दिसला. कालही तसाच. आधी वाटलं, विसरले. मग डोक्यात प्रकाश पडला. पाणी प्यायलं की न्यावं लागणार, म्हणून ते पाणीच पीत नाहीत.

जिमचे सर म्हणतात, एकदा कमावलेलं अंग सगळं विसरत नाही, दीड-दोन महिन्यांत बरंचसं परत येईल. पण आठवड्यातून तीन संध्याकाळी तरी द्यायला हव्यात. तुझं घर बसने पाऊण तासावर आहे. पाऊण तास, आणि तू फोन करतोस! सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेपाच ते साडेसात. कोणी बाई बघ वगैरे सुचवू नकोस, ते मी बघतेच आहे. तू ये.

पुढच्या सोमवारी, बारा तारखेला, मी पिशवी भरून दारात उभी असेन. आलास की आधी त्यांना पाणी दे. तुझ्या हातून पितील. तुला उचलता येतं, हे त्यांना माहीत आहे.

सध्या अर्ध्याच ताकदीची,
तुझी धाकटी